आयफोनसाठीही सर्वेक्षणाचं ॲप हवंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याला घरोघर जाऊन माहिती गोळा करायची जुनी सवय आहे. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालची, आणि धनंजयराव गाडगीळांच्या काळात तिथल्या मंडळींनी या शहराची कागद-पेन्सिल घेऊन पाहणी केली. आता कागदाच्या जागी फोन आलाय. आमचं चार जणांचं छोटं काम आहे: संस्था, संशोधक, डॉक्टर यांना फॉर्म भरायची ॲप करून द्यायची. अँड्रॉइडवरचं ॲप नीट चालायला लागलं की महिना-दोन महिन्यांत फोन येतो, "आता आयफोनवर पण करून द्या ना!" त्या फोनवर पुन्हा पुन्हा तेच बोलावं लागतं, म्हणून हे लिहून ठेवलं.

आमचे सगळे सर्वेक्षक अँड्रॉइडच वापरतात. मग आयफोनची भानगड कशाला?

कदाचित नकोच. भारतात शंभरातले नव्वदहून जास्त फोन अँड्रॉइड आहेत आणि गावोगाव फिरणाऱ्या ताईच्या हातात तर जवळजवळ नक्कीच. संस्थेने फोन विकत घेऊन द्यायचे असतील तर एकाच प्रकारचे घ्या, आणि हे पान इथेच बंद करा. मनापासून सांगतोय, यात आमचं नुकसान आहे.

प्रश्न येतो तो लोक स्वतःचा फोन वापरतात तेव्हा. सुपरवायझर, दवाखान्यातले डॉक्टर, कॉलेजचे विद्यार्थी, देणगीदारांच्या बाजूने पाहणीला येणारी माणसं. वीस जणांच्या टीममध्ये तीन आयफोन निघाले की त्या तिघांचे फॉर्म व्हॉट्सॲपवर फोटो काढून यायला लागतात आणि ऑफिसात कुणीतरी ते टाइप करत बसतं. २०२७ च्या जनगणनेचं ॲपही अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी असणार आहे, कारण प्रगणक स्वतःचा फोन वापरणार.

ओडीके कलेक्ट किंवा कोबोकलेक्ट आयफोनवर का सापडत नाही?

कारण सर्वेक्षणाचे फॉर्म भरायची ही दोन्ही तयार ॲप अँड्रॉइडचीच आहेत. ओडीके २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं तेव्हापासून त्याचं फोनवरचं ॲप अँड्रॉइडसाठी आहे आणि फॉर्म वाचणारा त्याचा गाभा, जावारोझा, जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला आहे. कोबोकलेक्ट त्याचंच भावंड. सर्व्हेसीटीओ या तशाच सेवेचं मात्र आयफोनवर ॲप आहे, त्याचे पैसे भरावे लागतात. तुमचं काम तेवढ्यात भागत असेल तर आमच्याकडून नवीन करून घेऊ नका.

मग ब्राउझरमधला फॉर्म का नको? लिंक पाठवली की झालं.

लहान फॉर्म, रेंज असलेली जागा, आठवडाभराचं काम, एवढं असेल तर खरंच झालं. एन्केटोसारखा वेब फॉर्म तुमचा तोच एक्सएलएसफॉर्म (एक्सेलच्या तक्त्यात लिहिलेला फॉर्म) वाचतो, आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये उघडतो आणि रेंज गेली तरी भरलेलं धरून ठेवतो.

पण किती दिवस धरून ठेवतो ते बघा. सफारीने २०२० पासून नियम केलाय: ब्राउझर वापरात असताना सात दिवस एखाद्या साइटला हात लावला नाही, तर त्या साइटने फोनवर साठवलेलं पुसलं जातं. सोमवारी वेल्ह्याकडे फॉर्म भरले, घरी आल्यावर ताप आला, दहा दिवसांनी लिंक उघडली तर न पाठवलेले फॉर्म गेलेले असू शकतात. साइट होम स्क्रीनवर ठेवून तिथूनच उघडली तर हा धोका टळतो. ते प्रत्येकाला हाताला धरून करून द्यावं लागतं आणि त्यातला एक जण हमखास विसरतो.

अँड्रॉइडचा कोड आहेच की तयार. तो आयफोनवर "टाकायला" किती वेळ लागेल?

"टाकणं" हा शब्द ऐकला की आम्ही आधी चहा मागवतो.

पडदे, बटणं, रंग हे पुन्हा करणं कंटाळवाणं असलं तरी अवघड नाही. अवघड आहे तो फॉर्मचा मेंदू: कोणता प्रश्न कधी दाखवायचा, कोणतं उत्तर चालणार नाही, आकडेमोड कशी करायची. एक्सएलएसफॉर्ममध्ये हे सगळं सूत्रांत लिहिलेलं असतं, आणि ती सूत्रं दोन्ही फोनांनी तंतोतंत सारखी सोडवली पाहिजेत. "जवळपास सारखी" चालत नाहीत.

एक उदाहरण देतो, कारण हे आम्ही हाताने सोसलंय. बालकांच्या पोषणाचा फॉर्म होता. वजन आणि उंचीवरून झेड-स्कोअर, म्हणजे बाळ सर्वसाधारण बाळांपेक्षा किती खाली-वर आहे तो आकडा, काढायचा, एका दशांश स्थळापर्यंत आणायचा, उणे ३ पेक्षा खाली असेल तर सॅम (तीव्र कुपोषण), उणे ३ ते उणे २ मध्ये असेल तर मॅम (मध्यम कुपोषण). एका बाळाचा आकडा आला उणे ३.०५. दहाने गुणून उणे ३०.५, आता तो पूर्णांकात आणायचा. ओडीकेची सूत्रं एक्सपाथ नावाच्या ज्या सूत्रभाषेवर चालतात तिथे अर्ध्यावरचा आकडा वरच्या बाजूला जातो: उणे ३०, म्हणजे उणे ३.०, म्हणजे मॅम. जावाचा राउंड हेच करतो. पण स्विफ्ट या आयफोनच्या भाषेचा राउंड अर्ध्यावरचा आकडा शून्यापासून लांब नेतो: उणे ३१, म्हणजे उणे ३.१, म्हणजे सॅम. फ्लटर या साधनाच्या डार्ट भाषेतही असंच होतं. बाळ तेच, तागडी तीच, अंगणवाडी तीच, आणि फोन बदलला की वर्ग बदलतो! चूक आमच्या कोडात होती आणि सूत्रातही होती; वर्ग ठरवण्याआधी आकडा एका दशांशावर आणायचाच कशाला? पण सूत्र संस्थेच्या तज्ज्ञांनी दिलेलं असतं, आणि ॲपने ते जसंच्या तसं पाळायचं असतं.

म्हणून आता आम्ही पडद्यांना हात लावायच्या आधी शे-दीडशे छोट्या सूत्रांची यादी करतो: उणे आकडे, रिकामी उत्तरं, २९ फेब्रुवारी, एकाहून अधिक पर्याय निवडलेले प्रश्न. ती जुन्या ॲपवर चालवून उत्तरं लिहून ठेवतो. नव्या ॲपची उत्तरं त्यांच्याशी जुळेपर्यंत बाकी काही नाही.

फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह की कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म?

एकाच कोडातून दोन्ही फोनांची ॲप करायची ही साधनं. जे तुमच्या टीमला येतं ते. अगदी कोऱ्या पाटीवरून सुरुवात असेल तर आम्ही फ्लटर घेऊ, कारण दोन्हीकडे मेंदू एकच राहतो आणि वरच्यासारखी भांडणं घरातच मिटतात. अँड्रॉइड ॲप कोटलिन या भाषेत असेल तर त्यातला सूत्रांचा भाग कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्ममध्ये काढून आयफोनला द्यायचा मार्गही चांगला आहे. २०२३ च्या नोव्हेंबरपासून ते स्थिर म्हणून जाहीर झालंय. मात्र जावारोझासारखी जावाची लायब्ररी त्यातून आयफोनवर जात नाही, हे आधी तपासा. झॅमरिन या तशाच साधनात जुनं ॲप असेल तर त्याचा पाठिंबा मे २०२४ मध्ये संपला. त्यावर नवीन मजला चढवू नका.

मॅक घ्यावाच लागतो का?

हो. ॲप शेवटी एक्सकोड या ॲपलच्या सॉफ्टवेअरमधूनच बांधावं लागतं आणि एक्सकोड मॅकवरच चालतो. भाड्याने मिळणारे ऑनलाइन मॅक आहेत, पण फोन केबलने जोडून "हे का बंद पडतंय" बघायची वेळ आली की पंचाईत होते. साधा मॅक मिनी पुरतो. सेकंडहँड घेताना एवढं बघा की तो आत्ताचा एक्सकोड घेतो का. २४ एप्रिल २०२५ पासून ॲपलने स्टोअरसाठी एक्सकोड १६ सक्तीचा केला, आणि ही पट्टी पुढेही सरकत राहते.

एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. आयफोनचं तसं काही?

तसं काही नाही. संस्थांना सगळ्यात जास्त झटका इथेच बसतो. गूगल प्लेला एकदाच २५ डॉलर, आणि प्लेही टाळून फाइल वाटता येते. ॲपलला दर वर्षी ९९ डॉलर, आणि दार एकच. त्या दारातून जायच्या वाटा मात्र वेगवेगळ्या आहेत.

टेस्टफ्लाइट, म्हणजे ॲपलची चाचणीसाठी ॲप वाटायची सोय, सोपं, बाहेरचे दहा हजार लोकही त्यात बसतात. पण प्रत्येक बिल्ड, म्हणजे ॲपची बांधलेली प्रत, ९० दिवसांनी बंद पडतं. पावसाळ्यात सुरू झालेलं सर्वेक्षण दिवाळीपर्यंत लांबलं तर मध्येच एका सकाळी ॲप उघडणार नाही. त्यामुळे टेस्टफ्लाइट चाचणीपुरतं ठेवा, किंवा दर दोन महिन्यांनी नवं बिल्ड टाकायची आठवण कॅलेंडरवर लिहा. फोनचा ओळखक्रमांक नोंदवून थेट ॲप देण्याची सोय वर्षाला शंभर आयफोनपुरती आहे, आणि यादीतून एखादा फोन काढला तरी त्याची जागा त्या वर्षात परत मिळत नाही. कंपन्यांसाठीचा वेगळा एंटरप्राइझ कार्यक्रम आहे, त्याला कमीत कमी शंभर कर्मचारी लागतात. आपल्या बहुतेक संस्थांचा विषय तिथेच संपतो.

आम्ही बहुतेकदा अनलिस्टेड प्रकार सुचवतो. ॲप स्टोअरवर असतं, तपासणीतूनही जातं, पण शोधून सापडत नाही, लिंक असेल त्यालाच मिळतं. सर्वेक्षकाला नेहमीसारखं "गेट" दाबायचं असतं. समजवायला सोपं.

संस्थेच्या नावाने खातं काढायचं तर डी-यू-एन-एस क्रमांक (संस्था-कंपन्यांचा ओळखक्रमांक) लागतो आणि नाव कागदोपत्री जुळावं लागतं. धर्मादाय आयुक्तांच्या दाखल्यावर "संस्था" या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग एक, पॅनकार्डावर दुसरं, लेटरहेडवर तिसरं, असा प्रकार आमच्याकडे सर्रास असतो. कोड लिहायला लागायच्या आधी हे कागद पुढे करा. एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर तर मुळीच टाकू नका. तो नोकरी सोडतो आणि ॲप त्याच्याबरोबर जातं.

ॲप तपासणीत नाकारलं गेलं. आता?

कारण वाचा, चिडू नका. आमचं पहिलं ॲप नाकारलं गेलं ते आमच्याच शहाणपणामुळे: लॉगिनला भारतीय मोबाइलवर ओटीपी येत होता. तपासणाऱ्याकडे तो नंबर कुठून असणार? आता आम्ही ओटीपीविना चालणारं एक नमुना खातं देतो, त्यात खोटी घरं भरून ठेवतो आणि मराठी फॉर्मचा अर्थ इंग्रजीत लिहून देतो.

दुसरं नेहमीचं कारण: ॲप म्हणजे नुसती वेबसाइट गुंडाळून दिलेली. तिसरं: ॲपमध्ये खातं उघडता येतं पण बंद करता येत नाही, २०२२ च्या जूनअखेरपासून ती सोय ॲपमध्येच द्यावी लागते. आणि लोकेशन कशाला हवंय याचं कारण "ॲप चालण्यासाठी" असं मोघम लिहू नका. "भेट दिलेल्या घराची जागा नोंदवण्यासाठी" असं लिहा, मराठीतही लिहा. ते वाक्य लिहायचंच राहिलं तर लोकेशनची परवानगी मागणंच फसतं.

रेंज नसताना भरलेले फॉर्म नंतर आपोआप जातील ना?

अँड्रॉइडवर बरेचदा जातात. आयफोनवर "आपोआप" या शब्दाला मर्यादा आहेत. ॲप पडद्यावरून गेलं की काही सेकंदांत ते झोपवलं जातं. मोठे फोटो पाठवायचे तर ती फाइल सिस्टीमच्या हवाली करावी लागते, मग ॲप झोपलं तरी ती जात राहते. पण आपल्याकडे लोकांना बोट वर सरकवून सगळी ॲप "उडवायची" सवय आहे, बॅटरी वाचते म्हणून. तसं ॲप उडवलं की हवाली केलेलं कामही रद्द होतं.

प्रशिक्षणात आम्ही एकच गोष्ट घोकून घेतो: केळदहून खाली उतरलात, विंझरला रेंज आली, की एसटीत बसल्या बसल्या ॲप उघडा आणि वरचा आकडा शून्य होईपर्यंत उघडं ठेवा. तो आकडा, म्हणजे "न पाठवलेले: ७", ॲपमध्ये सगळ्यात मोठ्या अक्षरात हवा. डिझायनर नको म्हणतात. ऐकू नका.

तोच फॉर्म दोनदा गेला तर? जाऊ दे. प्रत्येक फॉर्मला फोनवरच कायमचा ओळखक्रमांक द्या आणि दुसऱ्यांदा आलेला सर्व्हरने सोडून द्यावा. हरवण्यापेक्षा दोनदा आलेलं बरं.

आयफोनवरून आलेल्या काही फॉर्मांत तारीखच नाही. असं का?

तारीख आहे. तुमच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाहीये.

एका सर्वेक्षणात एकाच ताईंचे सगळे फॉर्म तारखेविना दिसत होते. त्या म्हणत होत्या, "दादा, मी रोज टाकते तारीख." आम्ही सर्व्हरवरची मूळ फाइल उघडली तर तिथे तारीख होती, वर्ष-महिना-दिवस अशीच होती, फक्त आकडे देवनागरी होते. ताईंनी फोनची भाषा मराठी ठेवली होती. मराठीसाठी सिस्टीम देवनागरी अंकच धरते, आणि आमच्या कोडाने सर्व्हरला पाठवायची तारीखही फोनच्या भाषेत लिहिली. पृथक्करणाच्या सॉफ्टवेअरने ते तारीख म्हणून ओळखलं नाही आणि गुपचूप रकाना रिकामा केला. इंग्रजीत फोन वापरणाऱ्या आम्हा चौघांपैकी कुणालाच हे दिसलं नव्हतं. मराठीत ॲप करणाऱ्यांचे फोन इंग्रजीत, काय बोलणार!

उपाय एका ओळीचा: पडद्यावर दाखवायची तारीख फोनच्या भाषेत, पाठवायची तारीख मात्र ठरीव लोकेलमध्ये, म्हणजे भाषा-अंकांच्या न बदलणाऱ्या मांडणीत, ज्याला प्रोग्रामर पॉसिक्स म्हणतात. बारा-चोवीस तासांच्या घड्याळाचा घोळही त्यानेच मिटतो. अक्षांश-रेखांश आणि वजन यांनाही हेच लागू. अँड्रॉइडवरही ही चूक होते, तेव्हा तिकडचंही बघून घ्या. आणि ताईंना फोन इंग्रजीत करायला सांगणं हा उपाय नव्हे.

एकाच गावाचं नाव दोन गावं म्हणून मोजलं जातंय.

गोऱ्हे बुद्रुक घ्या, खडकवासल्याच्या वरचं. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड "ऱ" या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून लिहितात, तर काही साध्या "र"ला हलन्त आणि पुढे न दिसणारी एक जोडखूण टाकून. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. तसाच "ॲड." मधला ॲ: युनिकोडने, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या मानकाने, त्याला २००८ मध्ये स्वतंत्र जागा दिली, त्याआधीची सवय "अ"वर चंद्र देण्याची. दोन फोन, दोन कीबोर्ड, दोन सवयी.

युनिकोडचं ठरावीक एकसारखं करणं, ज्याला एनएफसी म्हणतात, ते इथे पुरत नाही. "र" आणि त्याखालचा ठिपका (नुक्ता) वेगळे आले तर ते त्यांना "ऱ" करतं, पण वरच्या दोन्ही जोड्यांना हात लावत नाही. त्या आपल्या हाताने बदलाव्या लागतात, आणि दोन्ही ॲपमध्ये नव्हे, सर्व्हरवर एकाच जागी. खरा शहाणपणा म्हणजे गावाचं नाव टाइपच करू देऊ नका. यादीतून निवडू द्या आणि साठवताना गावाचा सरकारी कोड साठवा. माणसांची नावं मात्र टाइप होणारच. तिथे वरची दुरुस्ती लागते.

जीपीएस चुकीचं का येतं?

आयओएस (आयफोनची सिस्टीम) १४ पासून लोकेशन देतानाच "प्रिसाइज" बंद करता येतं. मग ॲपला घराऐवजी काही किलोमीटरचं वर्तुळ मिळतं आणि सर्वेक्षकाला वाटतं परवानगी दिलीय. ॲपने हे तपासून स्पष्ट मराठीत सांगावं. शिवाय अचूकता किती मीटर आहे ते जागेबरोबर साठवा. ओडीकेचा पाच मीटरचा निकष मोकळ्या अंगणात ठीक, कसबा पेठेतल्या वाड्यात उभं राहून पाच मीटरची वाट बघाल तर चहा होईल.

फोटो?

गॅलरीतून घेतलेला आयफोनचा फोटो एचईआयसी प्रकारात येऊ शकतो. पाठवण्याआधी जेपीजी करा, लहान करा, आणि आडवा-उभा नीट बसवून मगच पाठवा.

चुकून ॲप डिलीट झालं. डेटा परत मिळेल?

न पाठवलेला? नाही. पूर्वी अँड्रॉइडवर केबल लावून फोल्डरमधून फाइली ओढता यायच्या, त्या आठवणीवर लोक अजून विसंबून असतात. आयफोनवर ॲपचा डेटा ॲपबरोबर जातो. म्हणून ॲपमध्येच "सगळं एका फाइलमध्ये काढा" असं बटण द्या. ती फाइल कुलूपबंद असू द्या.

याची उलट बाजूही आहे. काही सांगितलं नाही तर ॲपमधला डेटा सर्वेक्षकाच्या स्वतःच्या आयक्लाउडमध्ये बॅकअप म्हणून जातो. लोकांच्या आजारांची माहिती कुणाच्या तरी सुट्टीतल्या फोटोंशेजारी! ते फोल्डर बॅकअपमधून वगळा.

कायद्याचं काय?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा फोन कोणता हे विचारत नाही. संमती मागताना द्यायची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मिळायला हवी, म्हणजे मराठीत द्या, आणि वाचता येईल अशी द्या. अठराखालचं प्रत्येक जण कायद्याने मूल आहे, तिथे पालकांची संमती लागते. संशोधन आणि सांख्यिकीला काही सवलत आहे, पण त्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीबद्दल निर्णय घेणार असाल तर ती मिळत नाही. "हे घर योजनेत बसतं की नाही" हे तुमचा फॉर्म ठरवत असेल तर वकिलाला विचारा, आम्हाला नको.

चाचणी कशी करता?

ऑफिसात बसून होत नाही. आम्ही स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी धरतो. एकाच घरी दोघं जातात, एकाच्या हातात अँड्रॉइड, दुसऱ्याच्या हातात मराठीत लावलेला आयफोन. प्रश्न एकच जण विचारतो, भरतात दोघं. मध्येच विमान मोड, मध्येच एक फोन येतो, मध्येच ॲप उडवायचं. वीसेक घरं झाली की परत, आणि दोन्ही फोनांच्या ओळी एकाखाली एक लावून बघायच्या. ओळखक्रमांक आणि वेळ सोडून एकाही रकान्यात फरक दिसला तर तो दुसऱ्या दिवशीचं पहिलं काम. गेल्या वेळी फरक निघाला तो एका आजींच्या वयात. पण तो फोनांचा नव्हता. आजींनी दुसऱ्यांदा विचारल्यावर तीन वर्षं कमी सांगितली होती.